डाव्या हाताची निशाणी

ती घटना आठवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. पडले ते ती न सांगण्याचे. लोक विचारायचे, "फौजदारसाहेब, एखादी केस सांगा की." मी दरोड्याची सांगायचो, विहिरीत सापडलेल्या प्रेताची सांगायचो. ही कधीच सांगितली नाही. आता निवृत्त झालो आहे, वरिष्ठांना जाब द्यायचा राहिलेला नाही. नाव कुणाचंच घेणार नाही. पण माझा वाटा लपवणार नाही.

१९३० नंतरची पहिली दोन-चार वर्षं. इंदापूर तालुक्यातल्या एका लहान ठाण्यावर मी फौजदार होतो. वय अठ्ठावीस. बायको वर्षभरापूर्वी बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नाही. ठाण्यामागच्या दोन खोल्यांत मी एकटा राहत असे. फौजदार चावडीजवळून निघाला की बसलेली माणसं उठून उभी राहतात आणि त्यांचं बोलणं थांबतं. लोक याला मान समजतात. मला तेव्हा त्या थांबलेल्या बोलण्याचा फार त्रास व्हायचा. आमचे हवालदार वयस्कर, बरीच नोकरी याच तालुक्यात काढलेले. संध्याकाळची हजेरी झाली की ते घरी जात. मग सकाळच्या हजेरीपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला कळसच्या बाजूच्या एका वाडीतली बाई तक्रार घेऊन ठाण्यावर आली. चाळिशीची. नवरा कामाला म्हणून मुंबईला गेला तो परतलाच नव्हता. कालव्याच्या पाण्यावर ती एकटी वांगी-मिरची करायची आणि बाजारात विकायची. शेजारचा बागायतदार, ज्याला सगळे आबा म्हणत, तो आपली पाण्याची पाळी मोडतो, अशी तिची तक्रार. जबानी लिहून झाली. निशाणी घ्यायला हवालदारांनी शाईची गादी पुढे सरकवली, बाईने डावा हात पुढे केला, तर त्याला दोन अंगठे. एक नेहमीचा. दुसरा त्याच्याच बुडातून फुटलेला, लहानसा, नखासकट.

हवालदार गादी धरून माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, निशाणी कुठल्याची घ्यायची? कायद्यात तर काही लिहिलेलं नाही."

"दोन्हींची घ्या," मी म्हणालो. "धाकटा साक्षीदार."

सगळे हसलो. बाईही हसली. "ह्यो धाकला लई गुनाचा हाय, सायेब. वाडीत कुनाला बी वाफ्यात पयलं रोप लावायचं आसलं की मलाच हाळी मारत्यात. ह्या हातचं रोप मरत न्हाय."

मोठ्या अंगठ्याची निशाणी घेतली. आबाला बोलावून समज दिली. प्रकरण मिटलं.

पुढे पंधरा दिवसांत बाजाराच्या गावी तंबूतला सिनेमा आला. पुण्या-मुंबईत बोलपट लागू लागले होते; आमच्याकडे अजून मुकेच चित्रपट यायचे. पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगे, जोडीला पेटी-तबला. परवानगीच्या अर्जावर पोलिसांचा अभिप्राय लागतो, त्यासाठी तो सांगणाराच माझ्याकडे आला. किडकिडीत, तोंडात पान, बोलणं गोड. मी चहा मागवला. एका कपाचे तीन झाले.

"चित्रपट कशाचा?" मी विचारलं.

"शापाचा, साहेब. गाव एका बाईला हाकलून देतं. जाताना ती शाप देते. मग ज्या दारावर तिचा काळा पंजा उमटेल, त्या घरातलं माणूस जातं. शेवटी गावच ओस." त्याने आवाज खाली आणला. "बायका डोळ्यांवर पदर घेतात. पण खरी भीती मी घालतो. प्रत्येक ठिकाणचं एक काहीतरी विचारून घेतो. ओढ्याचं नाव, एखादं झाड, एखादं माणूस. तेवढं मधे पेरलं की बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्याच वेशीत चाललंय. तुमच्याकडे आहे का काही असं?"

त्या दिवशी मी पुष्कळ बोललो. कित्येक महिन्यांनी कुणीतरी समोर बसून ऐकत होतं, दाद देत होतं. अभिप्राय लिहिला: हरकत नाही.

पहिल्या खेळाला बंदोबस्त लावून मी परत आलो. माणसं बायकापोरांना गाडीत घालून आली होती, त्यांच्यात एकट्याने बसून सिनेमा बघायची मला लाज वाटली. म्हणून तो चित्रपट मी पाहिलाच नाही.

महिनाभराने एका सकाळी बांगड्या विकणारी कासारीण ठाण्यावर आली. गावोगाव हिंडणारी बाई. पोलिसाला जे कळत नाही ते हिला कळतं, हे मला हवालदारांनीच शिकवलं होतं.

"चोरीची न्हाय, मारामारीची न्हाय, पर सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाय," ती म्हणाली. "त्या दोन अंगठ्याच्या बाईनं मला हाक मारून बसवलं. उजव्या हातात बांगड्या भरल्या. डावा पुढं करीना. फडक्यात गुंडाळल्याला. म्या धराया गेले तर वास आला, सायेब. आन् तितनं वाडीत गेले तर एकीनं बी हात पुढं केला न्हाय. तिचा हात धरलास त्यो आमाला लावू नगं, म्हनल्या."

मी आणि हवालदार लगेच निघालो. वाडीतल्या झाडून सगळ्या दारांवर लिंबू, मिरच्या, बिब्बा टांगलेला. त्या बाईच्या दारावर तेवढं काही नव्हतं. वाफ्यात वांगी झाडावरच पिवळी पडली होती. आत ती घोंगडीवर पडून होती, अंगात ताप.

"इळा लागला, सायेब. वैरन कापताना."

हवालदारांनी फडकं सोडलं. धाकटा अंगठा बुडापासून गेलेला. मोठा काळा पडून सुजलेला. बाहेर आल्यावर हवालदार हळूच म्हणाले, "वैरण कापताना विळा बोटांवर आडवा बसतो. हा बुडाशी नेमका घेतलाय. हात कशावर तरी टेकवून."

बैलगाडीने तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. विष वर चढत होतं, म्हणून डॉक्टरांनी मोठा अंगठाही काढला. एका हाताने वांगी तोडता येतील. खुरपं एकीकडे आणि रोप दुसरीकडे, हे काम तिला पुन्हा जमणार नव्हतं.

माझा संशय सरळ आबावर. पाण्याचं जुनं वैर, माझ्याकडून समज मिळाल्याचा राग. त्याला उचलून आणला, दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा ठेवला, मग आत घेतला.

"हात बी लावला न्हाय सायेब, पोराबाळांची आण. माझा नातू तापानं फणफणला व्हता. त्याच्या आदी दोन घरांत जनावरं मेली. मंग वाडीची बैठक बसली. तिला म्हनलं, त्ये बोट हाय तवर तुझ्यासंगं शबूद न्हाय. हिरीवर यायचं न्हाय, चुलीला इस्तू मागायचा न्हाय. एवढंच."

"त्याच बोटाने तुमची रोपं लावली ना इतकी वर्षं?"

"आमाला काय ठावं! शिनिमात दावलं तवा कळालं. त्या शापाच्या बाईला बी दोन अंगठं. डोळ्यानं बगितलं की आमी."

"डोळ्याने?"

आबा थबकला. "म्हंजी, पडद्यावर धुरकाट व्हतं. पर त्यो सांगनारा म्हनला, मोजा म्हनला. डावा हात, दोन अंगठं, कालव्याच्या काठानं आली बगा, म्हनला."

मी आबाला सोडून दिलं. कशासाठी सोडलं हे हवालदारांनी विचारलं नाही.

तंबू तोवर बारामतीला गेला होता. तिथल्या चौकीत मी चित्रपटाची रिळं मागवली, यंत्र चालवणाऱ्याकडून पंजाचा भाग काढून घेतला आणि ती पट्टी खिडकीतल्या उन्हासमोर धरली. ठसे तपासायचं भिंग लावलं. चौकोनामागून चौकोन तेच दार, तोच काळा पंजा. बोटं पाच. मी पुन्हा मोजली. हवालदारांनी मोजली. पाचच होती.

सांगणाऱ्याला समोर बसवला. जबानी लिहायला हवालदार.

"दुसरा अंगठा कुठून आणलास?"

तो माझ्याकडे बघून हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. "साहेब, तुम्हीच सांगितलंत की. चहा घेताना. धाकटा साक्षीदार म्हणालात. इतके हसलात, की मला वाटलं लोकांनाही आवडेल." वर तो म्हणाला, "मी आज इथे, उद्या दौंडला. माणसं तिचं काय करतील ते मला कसं कळावं? तालुका तुमचा."

हवालदारांचा टाक कागदावरून उचललेला होता. बाहेर गाडीवाले बैलांवर ओरडत होते. 

"काय लिहू, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "लिहा. बाजारात ऐकलं. सांगणाऱ्या इसमाचं नाव आठवत नाही."

त्यांनी लिहिलं. त्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निमूट सही केली. सही न करून करणार काय? माझ्या अहवालावरून कंपनीची परवानगी रद्द झाली, कंपनीने त्याला काढून टाकलं. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, आणि मी कधी चौकशीही केली नाही. हवालदारांनी पेन्शनीत जाईपर्यंत त्या जबानीचा विषय काढला नाही. मात्र माझ्यासमोर त्यांनी पुन्हा कधी थट्टा केली नाही.

राहिली होती बाईची जबानी. ताप उतरल्यावर दवाखान्यात गेलो. ती खाटेवर बसली होती, डावा हात पांढऱ्या पट्टीत.

"कुणी कापलं?"

"म्याच."

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाय." मग ती आपणहून बोलू लागली. "शिनिमाला मी बी गेले व्हते. बायकांच्या कनातीत. त्यो दोन अंगठं म्हनला तवा मला हसू आलं. म्हनलं, आपल्यावानी आनिक कुनी तरी हाय. मंग बगते तर समद्या बाया माझ्याकडं वळल्याल्या. शेजारचीनं लुगडं आवरून घेतलं."

"मग ठाण्यावर का आली नाहीस?"

"कशाची तक्रार देऊ? कुनी मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. आबा पाण्यावरनं भांडायचा, त्यो बी भांडना. माझी पाळी आली की गप पानी सोडून जायचा, तोंड फिरवून. म्हैनाभर कुनी माझं नाव घेतलं न्हाय. शेवटी उंबऱ्यावर हात ठेवला. म्हनलं, ह्ये गेलं की बोलतील."

मी लिहून घेतलं: स्वतःच्या हाताने इजा, कुणाविरुद्ध तक्रार नाही. तिला वाचून दाखवलं. हवालदारांनी शाईची गादी पुढे केली. ती सवयीने डावा हात उचलायला गेली, थांबली, आणि उजवा पुढे केला.

"आता इचारायचं काम न्हाय, कुठला म्हनून," ती म्हणाली.

हवालदारांनी मान खाली घातली.

"त्या दिशी तुमी हसला व्हता, सायेब. मला लई बरं वाटलं व्हतं. वाडीत जाऊन सांगितलं म्या, फौजदारसायेब माझ्यासंगं हसला."

सांगायचं असतं तर तेव्हाच. दोन वाक्यांचं काम होतं. मी टिपकागद घेऊन शाई टिपली.

ती वाडीत परत गेली. लोक बोलू लागले, वांगी विकली जाऊ लागली. त्याच पावसाळ्यात मी त्या बाजूने गेलो तेव्हा आबाच्या रानात मिरचीची लावण चालली होती. बाई तिच्या बांधावर बसून बघत होती. आबाने तिला रामराम घातला. पहिल्या रोपाला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. मी घोडा थांबवला नाही. वर्ष भरायच्या आत बदली मागून घेतली.

पुढच्या नोकरीत शेकडो जबान्या घेतल्या. खोटं बोलणारा कुठे अडखळतो, डोळे कुठे वळवतो, हे चांगलं ओळखू लागलो. लोक त्याबद्दल माझी तारीफ करत. जबानी देणाऱ्याच्या तोंडाकडे सगळे बघतात. ती लिहून घेणाऱ्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही, एवढं मी त्या केसमध्ये शिकलो, आणि त्याचा फायदा घेऊन पेन्शनीपर्यंत पोचलो.

बाईच्या जबानीचा तो कागद दप्तरात असेल किंवा वाळवीने खाल्ला असेल. त्यावरची शेवटची ओळ मला पाठ आहे, कारण ती हवालदारांनी लिहिली नाही, माझ्याच हातची आहे: डावा अंगठा नसल्यामुळे उजव्या हाताची निशाणी. खाली "समक्ष" असं लिहून मी सही केली.