चिनी फुलदाणीचा तपासणी अहवाल

चाकणला मी मोजमापाच्या लॅबमध्ये काम करते. गाड्यांचे सुटे भाग येतात, आम्ही ते स्कॅन करून पास-नापास ठरवतो. एका दुपारी दोन माणसं दुलईत गुंडाळलेली फुलदाणी घेऊन आली, तेव्हा वॉचमनने रजिस्टरात 'पार्ट' असं लिहून त्यांना आत सोडलं.

एक होते खेडकडचे साठीतले बाबा. जमीन कंपन्यांकडे गेल्यावर त्यांनी मोठं घर बांधलं आणि घराला शोभावी म्हणून ही निळ्या ड्रॅगनची फुलदाणी घेतली. दुकानदाराने ती चीनच्या राजवाड्यातली, तीनशे वर्षांची म्हणून सांगितली होती. दुसरा त्यांचा जावई. हिंजवडीतली नोकरी सोडून त्याने प्राचीन चिनी भांड्यांची डिजिटल रूपं ब्लॉकचेनवर विकायची कंपनी काढली होती. प्राचीन भांडं त्याच्याकडे सध्या एकच होतं, सासऱ्यांचं.

"ताई, थ्रीडी स्कॅन पाहिजे," तो म्हणाला. "मग हिचे हजार डिजिटल नग काढायचे. प्रत्येकाला वेगळा नंबर. लोक संग्रहात ठेवतील."

"आन् ही?" बाबांनी विचारलं.

"ही लॉकरमध्ये, मामा. खरी बाहेर दिसली की डिजिटलचं महत्त्व कमी होतं."

"म्हंजी बघायची न्हाई?"

"मोबाइलवर बघायची ना."

बाबा दुलईची घडी घालू लागले. जावयापुढे ते एरवीही फार बोलत नसावेत.

चकचकीत वस्तू स्कॅनरला नीट दिसत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर आधी पांढरी पावडर फवारतो. नंतर ती पुसून निघते. हे सांगूनसुद्धा पहिला फवारा बसला तसे बाबा खुर्चीतून उठले आणि काम संपेपर्यंत उभेच राहिले.

स्क्रीनवर फुलदाणी उमटली आणि मला दोन बारीक रेषा दिसल्या. गळ्यापासून बुडापर्यंत, बरोबर समोरासमोर. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अशी रेषा येते. ओतीव भागांवर मी ती रोज बघते. मी पुन्हा स्कॅन केलं. रेषा तिथेच. एरवी मी पेट्यांच्या पेट्या नापास करते आणि निवांत डबा खाते. पण बाबा स्वतःच्या रुमालाने पावडर पुसत होते, म्हणून मी आधी त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.

शेवटी मी म्हणाले, "बाबा, ही हाताने घडवलेली नाही. साच्यातली आहे. फार जुनी नसावी."

बाबांनी जावयाकडे पाहिलं. तो उलट खूश झाला. "दोन रेषा? ही तर दुर्मिळ खूण झाली. वर्णनात टाकू. एकदा ब्लॉकचेनवर गेलं की कुणी बदलू शकत नाही."

"आणि चुकीचं गेलं तर?"

"तेही कुणी बदलू शकत नाही. लोकांचा विश्वास त्यावरच तर आहे, ताई."

मी आमच्या नेहमीच्या नमुन्यात अहवाल लिहिला. पार्टचं नाव: फुलदाणी. दोष: साच्याची रेषा, दोन. निर्णय: नापास. सही, शिक्का.

पुढे पिंपळे गुरवच्या एका हॉलमध्ये विक्रीचं उद्घाटन झालं. मलाही बोलावलं होतं. पडद्यावर फुलदाणी गोल फिरत होती आणि तिच्या शेजारी माझा अहवाल. 'नापास'वर सोनेरी रिबन आली होती, खाली 'लॅब प्रमाणित'. अहवालसुद्धा त्याने विक्रीला काढला होता. मी तो काढून टाकायला सांगितलं.

"आता निघत नाही, ताई," तो अगदी मनापासून म्हणाला.

फुलदाणीला त्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं नाही. अहवाल मात्र गेला. माणच्या एका इंजिनिअरने घेतला, आणि तुमची सही फार सुबक आहे, असं मला आदराने सांगून गेला.

वर्षभरात कंपनी बंद पडली आणि जावई पुन्हा हिंजवडीला नोकरीला लागला. बाबांनी फुलदाणी घरी आणली आणि मला चहाला बोलावलं. ती टीव्हीशेजारी ठेवली होती. पावडरीशिवाय मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. निळा रंग खरंच देखणा होता.

"साच्यातली तर साच्यातली," बाबा म्हणाले. "घरात तर हाय."

त्यांच्या बायकोने माझ्यापुढे कप ठेवला. "दुकानात हुबेहूब अशाच आणखी दोन व्हत्या," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला इचारलं कुनी?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.