दलदलीपासून शंभर फूट

नवरा गेला, त्याच्या पुढच्या वसंतात गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनचं पत्र आलं. ते त्याच्याच नावावर होतं. पोस्टमनच्या पावतीवर मी सही केली, पत्र वाचलं आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. त्याच्या नावाने येणारं सगळं त्या दिवसांत मी तिथेच लावत होते.

घर आम्ही दोन हजार एक साली घेतलं होतं, बॉस्टनपासून पाऊण तासावर. गाव लहान. एक चर्च, एक लायब्ररी, एक सिग्नल. घरामागे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी लाल मेपलची दलदल. बर्फ वितळला की तिथे पाणी साचायचं, बेडूक ओरडायचे. नवऱ्याचा सगळा जन्म पुण्यात फ्लॅटमध्ये गेलेला. इथे आल्यावर त्याला मातीचा नाद लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने ट्रकने माती मागवली, कॉलेजपासूनच्या एका मित्राला मदतीला बोलावलं, आणि दोघांनी घाम गाळून उताराच्या खालच्या टोकाला एक सपाट तुकडा तयार केला. तिथे मेथी, वांगी, टोमॅटो लावले. वांगी काही धरली नाहीत, मेथी मात्र भरपूर आली.

पुढच्या वर्षी, पानं गळायच्या दिवसांत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना तो कोसळला. हॉस्पिटल, फ्युनरल होम, भारतातले फोन, सगळं त्या मित्राने केलं. तो सांगेल तिथे मी सह्या केल्या.

पत्रात लिहिलं होतं की तुम्ही दलदलीच्या हद्दीपासून शंभर फुटांच्या आत, परवानगी न घेता भर टाकली आहे. शेजाऱ्यांच्या सेप्टिक टँकच्या कामाची पाहणी करायला गावाचा माणूस आला होता, त्याच्या नजरेला आमची माती पडली होती. सुनावणीला हजर राहा, असा हुकूम होता.

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. तिने फ्रिजवरून पत्र काढून वाचलं. "दे कान्ट डू दॅट, आई. दॅट्स बाबाज गार्डन."

"बघू," मी म्हटलं.

"यू आर नॉट ईव्हन अँग्री!"

तिचं बरोबर होतं. मला राग आला नव्हता. मला त्या दिवसांत भूकही लागत नसे. घड्याळात वाजले की जेवायचं, एवढंच.

सुनावणी टाउन हॉलच्या तळमजल्यावरच्या खोलीत होती. लांब टेबलामागे पाच माणसं बसली होती. खरं तर सात जागा होत्या, दोन रिकाम्या. हे लोक पगारी नव्हते. गावाचं निवडून आलेलं मंडळ त्यांना तीन-तीन वर्षांसाठी नेमायचं आणि ते आपापसांतून अध्यक्ष निवडायचे. पगार मिळायचा तो फक्त एका अर्धवेळ एजंटला. जागेवर जाऊन पाहणी करणं आणि बैठकीचं टिपण ठेवणं ही त्याची कामं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच दिसलं की मधोमध एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या आहेत आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून बोलताहेत.

अध्यक्षबाईंनी नवऱ्याचं नाव पुकारलं. उच्चार जमेल तसा.

मी उभी राहिले. "ते वारले," मी म्हटलं. "मी त्यांची बायको."

मग बाई म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. आपण ही सुनावणी कंटिन्यू करू या."

कंटिन्यू म्हणजे चालू ठेवायची असं समजून मी उभीच राहिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पुढच्या बैठकीपर्यंत लांबवणं असा होता. एजंटने हळूच येऊन समजावलं.

"नको," मी म्हटलं. "आजच करा."

त्यांनी केली. एजंटने फोटो दाखवले, जमिनीत पोकळ सळई घालून काढलेल्या मातीचा नमुना दाखवला. वर तांबूस भर, खाली राखाडी, ठिपक्या-ठिपक्यांची दलदलीची मूळ माती. टेबलाच्या कडेला बसलेले एक सभासद, पेशाने डेंटिस्ट, म्हणाले, "राहू दे ना. माणूस गेलाय. एवढ्याशा तुकड्याने काय बिघडतंय?"

अध्यक्षबाईंनी मातीचा नमुना पुढे ओढला. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माणूस गेला, माती तिथेच आहे. दर पावसाला ती खाली धुपून जाते. आपल्याला निकाल मातीचा द्यायचाय."

मत घेतलं. हात वर झाले. डेंटिस्टने हात वर केला नाही. भर उचलायची, खालची माती मोकळी करायची, तिथे इथलीच झुडपं लावायची आणि दोन हंगाम ती जगली हे दाखवायचं, असा निकाल लागला. मला कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची तयारी होती, पण कोणी विचारलं नाही. माझं काम संपलं होतं, तरी मी उठले नाही. पुढे एका पुलाचं प्रकरण निघालं, मग कोणाच्या तरी पोहण्याच्या तलावाचं. शेवटी खुर्च्या घडी करायला लागले तेव्हा मी घरी गेले.

जूनमध्ये छोटं यंत्र घेऊन माणूस आला. मुलगी शाळेत गेली नाही. खिडकीशी उभी राहून तिने सगळं पाहिलं, मग खोलीचं दार लावून घेतलं. मी खाली उभी होते. यंत्राने मेथीच्या वाळक्या काड्या, टोमॅटोचे बांबू, माती, सगळं एकत्र उचललं. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल, आतून काहीतरी वर येईल. माणसाने विचारलं, "बांबू ठेवायचेत का?" मी म्हटलं, "नको." नंतर मी भांडी घासली.

झुडपं लावली. विंटरबेरी, उंच वाढणारी ब्लूबेरी, आणि एक ऑगस्टमध्ये गोड वासाची पांढरी फुलं येणारं झुडूप. कमिशनचे लोक शनिवारी सकाळी बूट घालून पाहायला यायचे. अशा पाहणीच्या वेळी त्यांनी आपापसांत प्रकरणाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. जे बोलायचं ते गावासमोर, बैठकीत. त्यामुळे चार मोठी माणसं माझ्या अंगणात उभी राहून हवेबद्दल आणि बेसबॉलबद्दल बोलायची आणि खाली वाकून पानं बघायची.

दुसरा हंगाम संपता संपता एजंटने प्रकरण बंद केलं. त्यानंतर काही दिवसांनी अध्यक्षबाई एकट्याच दारात आल्या.

"आमच्याकडे जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "दोघं आले नाहीत की कोरम होत नाही, निदान चार जण लागतात. लोक ताटकळून परत जातात. तुम्ही याल का?"

"मला यातलं काही कळत नाही."

"त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत बसला होता. पुलाच्या प्रकरणालासुद्धा. असं कोणी बसत नाही."

मला जायला जागा नव्हती म्हणून मी बसले होते, हे मी सांगितलं नाही. बैठका मंगळवारी असत; ती एक संध्याकाळ तरी कुठेतरी जाईल एवढ्यासाठी हो म्हटलं. टाउन क्लार्कसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली. मुलीने ऐकलं आणि म्हणाली, "यू जॉइन्ड देम?" त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मला ते काम जमलं. नकाशे वाचायला शिकले, हद्दीच्या गुलाबी फिती झाडांवर शोधायला शिकले. तिथे कोणी मला कशी आहेस असं विचारत नसे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच विचारायचे. मी आतून बधीर होते आणि त्या टेबलाशी ते चालून जात होतं, किंबहुना उपयोगी पडत होतं. लोक चिडायचे, रडायचे, माझी जमीन आहे म्हणून ओरडायचे. मी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "खोदलेली माती कुठे टाकणार?"

दोन हजार सहाच्या शरदात नवऱ्याच्या त्या मित्राचा फोन आला. त्याने आमच्याच गावात, नव्या वसाहतीत घर घेतलं होतं.

"वहिनी, आई कायमची येतेय. तिला जिने चढवत नाहीत. मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली काढतोय. तुमच्या कमिशनकडे फाइल केलंय. आपलं माणूस आहे तिथे म्हणून बरंय."

"मला तिथे ओळख जाहीर करावी लागेल," मी म्हटलं.

"करा की! काय यार, फॉर्मॅलिटी."

मी अध्यक्षबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नातं नाही, त्यात तुमचा फायदा नाही. सगळ्यांसमोर सांगा आणि निःपक्ष राहता येत असेल तर बसा. येत नसेल तर उठून जा. पण त्या दिवशी आपण चौघंच आहोत. तुम्ही उठलात तर सुनावणी होणार नाही आणि जमीन गोठायच्या आत त्याला काम सुरू करता येणार नाही."

मी बसले. सुरुवातीलाच सांगितलं की अर्जदार माझ्या नवऱ्याचा जवळचा मित्र आहे. त्याने नकाशा पसरला. खोली त्याच्या घरामागच्या नाल्यापासून अगदी हातभर अंतरावर येत होती, जिथे गावाच्या नियमाने गवतसुद्धा कापायचं नाही अशा पट्ट्यात.

"गॅरेजच्या बाजूला काढता येईल का?" मी इंग्रजीत विचारलं.

"तिथून रस्ता दिसतो," तो म्हणाला. "मागे झाडं आहेत. आई दिवसभर घरात एकटी असणार."

आणखी प्रश्न झाले. मत घेतलं. डेंटिस्ट नेहमीप्रमाणे एका बाजूला, आम्ही तिघं दुसऱ्या. अर्ज नामंजूर.

तो नकाशा गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता थांबला आणि मराठीत म्हणाला, "वहिनी, त्याने टाकलेल्या मातीवरसुद्धा तुम्ही असाच हात वर केला असता का?"

एजंटची पेन्सिल थांबली. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बैठक अजून चालू आहे. इथे जे बोललं जातं ते टिपणात जायला हवं. ते काय म्हणाले?"

त्या खोलीत मराठी कळणारी दोनच माणसं होती. तो खाली बघायला लागला. मी त्याचं वाक्य इंग्रजीत केलं, सगळं, काही न वगळता. एजंटने लिहून घेतलं.

"तुम्हाला उत्तर द्यायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"केला असता," मी म्हटलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एजंटने तेही लिहिलं.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. मला बघायचं होतं की चेहऱ्यावर काही आहे का. नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्याकडून दिवाळीच्या फराळाचं बोलावणं आलं नाही. वसंतात त्याने नवा अर्ज केला, खोली गॅरेजच्या बाजूला. तो स्वतः आला नाही, इंजिनिअरला पाठवलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात दुपारी घरचा फोन वाजला. "मी आई बोलतेय," पलीकडून म्हातारा आवाज आला. कोणाची ते सांगितलं नाही. "सगळे ऑफिसला जातात. तू ये ना एकदा."

मी गेले. काकू गॅरेजशेजारच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेर रस्ता, टपालपेट्या, बर्फ सारणारी गाडी.

"तूच नको म्हणालीस ना मागची बाजू?" त्यांनी सरळ विचारलं.

"हो, काकू."

"बरं झालं. झाडं काय बघायची दिवसभर? इथे माणसं तरी दिसतात." त्यांनी मला पलंगावर बसायला जागा करून दिली. "तुझा नवरा आमच्याकडे अभ्यासाला यायचा, माहितीये ना? परीक्षेच्या दिवसांत गच्चीवर झोपायचे दोघं. एकदा त्याने माझी तुळस उपटली होती."

"तुळस?"

"म्हणे कुंडी लहान आहे, मोठ्या डब्यात लावतो. तेलाच्या डब्याला भोकंच पाडली नाहीत. पाणी साचून मेली बिचारी. मग दोन दिवस माझ्यासमोर आला नाही."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं लोकांनी त्याच्याबद्दल सांगितलं ते सगळं मला माहीत असलेलंच होतं: मनमिळाऊ, हुशार, फार लवकर गेला. बिनभोकाचा डबा घेऊन उभा असलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मला कोणी दाखवला नव्हता. मी पलंगावर त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"आणखी सांगा," मी म्हटलं.

काकू सांगत राहिल्या. बाहेर अंधारायला लागलं, गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने मित्र कोटासकट खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"अरे, त्याने सायकल विकली ती कोणाला?" काकूंनी त्याला विचारलं. "त्या इस्त्रीवाल्याला ना?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"इस्त्रीवाल्याला नाही, आई," तो म्हणाला आणि बसला. "मेसवाल्याला. आणि विकली नव्हती, गहाण ठेवली होती. वहिनी, ऐका, मी सांगतो."