खिल्लारे सरांच्या प्रोग्राममधून मी काढलेल्या ओळी

खिल्लारे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते परभणीतल्या आमच्या बियाणे संस्थेत, संगणकाच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून गोदामाचे मुकादम इस्माईलचाचा यांना एक लांबलचक कागद वाचून दाखवत होते. साल अठ्ठ्याऐंशी असावे. मी शेतकीची पदवी घेऊन संस्थेच्या प्रयोगशाळेत नुकताच रुजू झालो होतो. सरांनी लिहिलेला प्रोग्राम त्या कागदावर छापलेला होता. ते एकेक ओळ मराठीत समजावून सांगत आणि विचारत, "चाचा, बरोबर आहे का?"

"नहीं सरजी," चाचा एका ठिकाणी म्हणाले. "ओला माल पैले अलग थप्पी में जाता, बाद में काटा होता. तुमारा मशीन उलटा कर रहा."

सरांनी तिथेच पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना आत बोलावले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि पडद्यावर सुरुवातीलाच आलेली एक ओळ दाखवली. तिथे इंग्रजी अक्षरांत चाचांचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, 'ओला माल आधी वेगळा ठेवावा.' चाचांना इंग्रजी येत नव्हते; सरांनी ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी काचेवरून आपल्या नावावर बोट फिरवले आणि बाहेर गेले. नंतर आठ दिवस ते गोदामात येणाऱ्या प्रत्येकाला ही हकिगत सांगत होते.

हा प्रोग्राम आमच्या संस्थेचा सारा कारभार सांभाळत असे. कोणत्या शेतातून किती बियाणे आले, ते कोणत्या थप्पीत आहे, उगवणीच्या चाचणीत पास झाले की नापास, पिशव्या कोणत्या गावी गेल्या, हे सगळे त्यात असे. आज अशा प्रणाली जिल्हाभर आहेत. तेव्हा संगणक पाहायलाच माणसे येत. पण सरांचे वेगळेपण प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ओळींत होते. त्यांनी तिथे लिहून ठेवले होते : 'हा प्रोग्राम कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. बदल केल्यास खाली आपले नाव आणि कारण लिहावे.' त्याखाली पहिले नाव सरांचे, दुसरे चाचांचे, मग आणखी काही. जो मागेल त्याला सर फ्लॉपीवर नक्कल करून देत आणि त्याचा पत्ता एका वहीत उतरवून घेत. पुढे काही दुरुस्ती केली की त्या प्रत्येक पत्त्यावर स्वतः पोस्टकार्ड लिहीत. "प्रोग्राम देऊन काम संपत नाही कदम," ते मला म्हणत, "तो चालता ठेवावा लागतो. आणि आपण नसलो तर दुसऱ्या कुणाला तरी तो उघडता आला पाहिजे."

मला प्रोग्राम लिहायला सरांनीच शिकवले. दुपारच्या सुट्टीत ते डबा आटोपता घेत आणि उरलेला वेळ मला देत. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा पंधरा दिवस प्रयोगशाळेतल्या माझ्या नोंदीही त्यांनीच केल्या. मी हजर झालो तर माझ्या टेबलावर एकही काम शिल्लक नव्हते.

सर पूर्ण्याजवळच्या एका खेड्यातले. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर जे पेटले, त्यात त्यांच्या वडिलांचे घर गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही गाडी का चुकली हे सांगावे इतक्या साधेपणाने. ते रोज पूर्ण्याहून पॅसेंजरने येत. परभणीत त्यांनी खोली शोधली होती. आडनाव सांगितले की खोली आधीच कुणाला तरी दिलेली असे. आमच्या गल्लीत माझ्या मावशीची खोली दोन वर्षे रिकामी होती. सर खोली शोधत आहेत हे मला माहीत होते. मी मावशीकडे शब्दही टाकला नाही.

आता जे लिहायचे ते मी कधी कुणाला सांगितलेले नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका बियाणे संस्थेचे अध्यक्ष आमच्या नात्यातले होते. त्यांनी माझ्याकडे प्रोग्राम मागितला. सरांकडे मागितला असता तर सरांनी आनंदाने दिला असता. मी नक्कल घेऊन गेलो. पडद्यावरची नावे पाहून अध्यक्ष म्हणाले, "पाव्हणं, हे वरलं नाव काढा. आमच्याकडं वातावरण बरं न्हाई. तुमचं टाका." मी त्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. खिल्लारे हे नाव गेले, इस्माईल हे नाव गेले, 'कुणीही वाचावा' हेही गेले. शिवाय प्रोग्राम असा बंद करून दिला की तो फक्त चालवता यावा, उघडून पाहता येऊ नये. उद्घाटनाला मला हार घातला. प्रोग्राम तयार करणारे म्हणून माझी ओळख करून दिली गेली आणि मी हात जोडले.

त्यानंतर काही महिन्यांनी सरांना प्रोग्राममध्ये एक चूक सापडली. दरवर्षी बियाण्याच्या गटांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. त्यामुळे गेल्या वर्षीचा एक्केचाळीस नंबर आणि यंदाचा एक्केचाळीस नंबर यांची प्रोग्राममध्ये गल्लत होत असे. सरांनी ती दुरुस्त केली आणि वहीतल्या सर्वांना पोस्टकार्डे टाकली. त्या संस्थेचा पत्ता वहीत नव्हता, कारण प्रोग्राम तिथे गेला आहे हे सरांना ठाऊकच नव्हते. मला मात्र ठाऊक होते. बघू पुढे, असे मी स्वतःला सांगितले.

पेरणीच्या तोंडावर तिथे संगणकावर काम करणाऱ्या सुमनताईंचे मला पत्र आले. 'दोन वर्षांचे नंबर एकच येत आहेत. प्रोग्राम उघडता येत नाही. कृपया लवकर यावे.' कामाची धांदल होती. पत्र मी खणात ठेवले आणि दहा दिवस गेलो नाही. तोवर गेल्या वर्षीच्या नापास ज्वारीच्या पिशव्या यंदाच्या पास झालेल्या नंबरावर बाहेर पडल्या आणि एका गावातल्या कितीतरी शेतांत पेरल्या गेल्या. ते बी उगवले नाही.

मग मात्र मी सरांकडे गेलो आणि तिथे आपलाच प्रोग्राम चालतो, एवढे सांगितले. सर त्याच दिवशी माझ्याबरोबर एसटीने निघाले. तिथे त्यांनी, प्रोग्राम बंद करण्याआधीची नक्कल असलेली माझ्याकडची फ्लॉपी संगणकात घातली आणि प्रोग्राम उघडला. सुरुवात पाहून ते थांबले. सुमनताई शेजारीच उभ्या होत्या. सर हळू आवाजात एवढेच म्हणाले, "बदल केला की कारण लिहायचं असतं कदम. इथं कारण लिहिलेलं नाही."

सरांनी तासाभरात दुरुस्ती केली, सुमनताईंना ती समजावली आणि पुढच्या वेळी त्यांना स्वतःला उघडता येईल असा प्रोग्राम संगणकात ठेवला. मग म्हणाले, "आता गावात चला."

देवळासमोर माणसे जमली होती. कौसाबाई नावाच्या एक वयस्क बाई पुढे आल्या. "साहेब, रान तयार होतं, वल लय चांगली व्हती. पेरलं, आन् काईच उगवलं न्हाई. संस्थावाले म्हन्तेत, मशिननं पास केलं. मंग आमी मशिनला इचारावं का?"

संस्थेचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. सर उभे राहिले. "मशीनला नको, बाई. मला विचारा. हा प्रोग्राम मी लिहिलाय."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. हार घालून घेताना मी पुढे झालो होतो. इथे मी जागचा हललो नाही.

सरांनी आमच्या संचालकांचे मन वळवून त्याच आठवड्यात आमच्या गोदामातले चांगले बियाणे त्या गावात पोचवले. काही शेते पुन्हा पेरली गेली. काहींची वेळ निघून गेली होती, ती रब्बीपर्यंत तशीच राहिली. कौसाबाईंचे शेत त्यांतलेच होते.

सरांनी चारचौघांत जबाबदारी घेतल्यामुळे चौकशीत दुसऱ्या कुणाचे नाव निघाले नाही. संचालकांनी त्यांचे संगणकाचे काम बंद केले आणि त्यांना दूरच्या एका गोदामावर पाठवले. त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती नाकारली नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचे नामांतर झाले तेव्हा सर एका दुपारी पेढे घेऊन कार्यालयात आले. खोलीत आम्ही दोघेच होतो. "तोंड गोड करा कदम," ते म्हणाले. मनातले बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "अभिनंदन, सर," आणि पेढा खाल्ला. निघताना त्यांनी संगणकाकडे पाहिले. "वर्ष बदललंय. नंबर नीट सुरू झाले ना?" मी होय म्हणालो. ते समाधानाने गेले.

सर निवृत्त झाले तरी त्यांचे काम सुटलेले नाही. जिल्ह्यातली तरुण मंडळी आज शेतकऱ्यांच्या कंपन्यांसाठी अशाच खुल्या प्रणाली बसवतात. कुठे अडले की ती मुले-मुली सरांना फोन करतात. गुडघे दुखत असतानाही सर रिक्षा, मग जीप असे करत पोखर्णीच्या पुढच्या खेड्यांत जातात आणि तिथे संगणकावर बसलेल्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणतात, "सांगा, कुठं अडलंय?"

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी पूर्ण्याला जाऊन सरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. शेवटी मी एक वाक्य लिहिले होते : 'सरांनी मला केव्हाच क्षमा केली आहे.' त्यांनी पेन मागितले आणि ते वाक्य खोडले.

"हे मी अजून म्हटलेलं नाही कदम," ते म्हणाले. "झालं तेवढंच लिहा."

मग आत वळून त्यांनी आपल्या पत्नीला हाक मारली आणि मला जेवायला थांबवून घेतले.

आदरणीय खिल्लारे सरांना उदंड आयुष्य मिळावे, त्यांचे गुडघे बरे व्हावेत, त्यांच्या बुद्धीचा आणि मायेचा लाभ या जिल्ह्याला अजून खूप वर्षे व्हावा, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. या इच्छेत माझा थोडा स्वार्थ आहे. खोडलेले ते वाक्य सरांनी कधीतरी स्वतः म्हणावे, आणि ते ऐकायला मी समोर असावे.