ताईपुरती दुरुस्ती

ऑफिसात त्याला सगळे 'नव्याण्णव' म्हणत, आणि ह्या गृहस्थाला तो मान वाटायचा. फसव्या वेबसाइट ओळखून त्यांच्यावर लाल पाटी लावणारं यंत्र त्यानं तयार केलं होतं. ते नव्याण्णव टक्के बरोबर असतं, हे तो लिफ्टमध्ये सांगे, कँटीनमध्ये सांगे, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगे. उरलेल्या एका टक्क्याबद्दल कुणी विचारलंच, तर नुसता हसे.

आता हे यंत्र शिकलं कसं, तेही ऐका. त्याला हजारो वेबसाइट दाखवायच्या, ही चांगली, ही वाईट असं सांगायचं, म्हणजे पुढे ते आपलं आपण ओळखतं. वाईट साइट लोकांच्या तक्रारींतून आयत्या मिळाल्या. चांगल्या मात्र एकेक उघडून तपासायला हव्या होत्या. एवढी तसदी कोण घेणार? ह्यानं बड्या कंपन्यांच्या साइट उचलल्या आणि 'ह्या चांगल्या' म्हणून यंत्राच्या पुढ्यात ओतल्या. यंत्र दिसलं ते शिकलं: झकपक असेल ते खरं, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर थाटलेलं ते खोटं. साहेबांसमोर परीक्षा झाली तीही त्याच ढिगातल्या साइटवर. मग टक्के मिळायला काय जातंय?

एका दुपारी थोरल्या बहिणीचा फोन आला. ती उशांचे अभ्रे आणि चादरी शिवून विकायची, आणि तिची साइट अर्थातच फुकटच्या जागेवर होती.

"अरे, माझी साइट उघडली की लाल पाटी येते. इथे फसवणूक होते म्हणे! ऑर्डरी पार थांबल्यात. शेजारच्या, वह्या-पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरचीही तीच गत झालीय. तरी तो बिचारा येईल त्याला सांगतोय, ताईंची हमी मी देतो."

"तू काही भलतंसलतं टाकलं असशील. यंत्र उगाच कुणाला बोलत नाही."

"भलतंसलतं? अभ्रे टाकलेत मी, मेल्या!"

बघा, सख्ख्या बहिणीपेक्षा यंत्र जवळचं! तरी त्यानं साइट उघडली. अभ्रे, चादरी, ताईचा फोन नंबर, बाकी काही नाही. मग बाइंडरची उघडली. तीही तशीच साधी. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राला सगळं पुन्हा शिकवायला हवं होतं, आणि त्याआधी साहेबांना सांगायला हवं होतं की मी कामात चालढकल केली. पण साहेब त्याच आकड्याच्या जोरावर त्याला विभागप्रमुख करणार होते. त्यानं शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि ताईच्या साइटला गुपचूप सूट देऊन टाकली. तेवढी एक सोडून बाकी सगळं जिथल्या तिथे.

"यंत्रात जरा दोष होता, ताई. दुरुस्त केला," त्यानं फोनवर सांगितलं. लाज म्हणून नाही!

ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. ताईनं कौतुकानं त्याला जेवायला बोलावलं. विभागप्रमुख झालेला भाऊ ताठ मानेनं येऊन बसला. ताईनं वाढता वाढता आवाज खाली आणला.

"बाइंडरची साइट अजून लालच आहे रे. तू यंत्र दुरुस्त केलंस तरीसुद्धा! म्हणजे माणूस खरंच लबाड निघाला. माझी हमी कशाला देत होता, ते आता कळलं. माझ्या आडून स्वतःचं झाकत होता. मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, त्याच्याकडे काम देऊ नका. काल दुकान आवरत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." ती थांबली. "मी बरोबर केलं ना?"

एक वाक्य पुरलं असतं. ताई वाढायची थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणापासून त्याचा प्रत्येक शब्द खरा मानणारी.

"बरोबरच केलंस," तो म्हणाला आणि वाटी पुढे केली.