पाणी नाही म्हणून निघालेले अप्पा

एप्रिल महिना, रविवार, दुपारचे दोन. जागा रत्नागिरीच्या खाली एका खाडीचा काठ. हजर माणसं तीन: लातूरचे डाळीचे व्यापारी बसलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, तरीवाले इब्राहिमचाचा आणि मी. तरीचं भाडं माणसाला आठ आणे, सायकलला चार आणे. म्हणजे आम्हा दोघांचा, दोन सायकलींसकट, दीड रुपया. तो अप्पांनी आधीच मुठीत काढून धरला होता. पण होडी चिखलावर कलंडून पडली होती आणि खाडी मैदानासारखी उघडी दिसत होती.

"पाणी भरूदेत, मग सोडतो," चाचा म्हणाले. "दोन तास बसा सावलीत."

अप्पांनी आधी खाडीकडे पाहिलं, मग चाचांकडे. "पाणी न्हाई म्हणून थांबायचं? चाचा, आमच्याकडं पाणी न्हाई म्हणूनच तर माणूस निघतो."

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. अप्पांचा जन्म सगळा कोरड्या नदीतून सायकल चालवण्यात गेला होता.

लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा मी नांदेडहून बदलून तिथल्या कचेरीत हिशेब शाखेत आलो. घर मिळालं अप्पांच्या शेजारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, आडवा बांधा आणि दोन्ही पायांना धोतर घट्ट आवळून बांधलेलं, असा हा माणूस रोज पहाटे अंगणात उभा राहून स्वतःच्या सायकलची चाकं अंगठ्याने दाबून बघायचा. ती झाली की न विचारता माझ्या सायकलची. "नांदेडकर, मागलं चाक बसलंय. बायकोला बसवून फिरला का काल?" ही आमची पहिली ओळख.

घरची मोटार नव्हती असं नाही, मालाला टेम्पो होता. पण लातूरजवळच्या मुरुडच्या बाजाराला अप्पा सायकलनेच जायचे आणि वाटेत नदी आली की पूल सोडून खाली पात्रात उतरायचे. वाळूत चाक रुतलं की सायकल खांद्यावर. "पूल पावसाळ्याचा. बाकीचे दिवस नदीच रस्ता," असं त्यांचं म्हणणं. मी गोदावरीकाठचा, मला नदीत उतरताना चप्पल काढायची सवय. त्याची ते टिंगल करायचे. "तुमची नदी मालदार घरची. आमची बिचारी वर्षातून एकदा माहेराला येती."

त्या वर्षी तीही आली नाही. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि गल्लीत टँकर आला की बायका-पुरुष, वकील-मास्तर सगळे एका रांगेत. अशात अप्पांच्या लेकीला, महानंदाला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण जावई कोकणातल्या एका गावी बँकेत होते. त्यांनी कळवलं, तिकडे पाण्याचे हाल आहेत, बाळ-बाळंतिणीला कशाला त्रास, इथेच करू.

अप्पा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "पाण्यापायी लेक माहेराला यायची थांबली, असं आमच्या घरात कधी झालं न्हाई. चला, तिला घेऊन येऊ."

"पत्र लिहा की सविस्तर."

"पत्र वाचून माणूस घडी घालतो. मला बघून काय घालंल?"

"मग यष्टीने जाऊ."

"यष्टीतून उतरलो तर पाहुणा. सायकलवरून उतरलो तर बाप." त्यांना समुद्रही बघायचा होता, पण ते त्यांनी कबूल केलं नाही.

सायकली यष्टीच्या टपावर बांधून आम्ही रत्नागिरी गाठली आणि तिथून खाली निघालो. तो दीड दिवस मी आजही मनात जसाच्या तसा काढून बघतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला लाल दगडाचे कडे. चढ असा की छाती फुटावी आणि उतार असा की अप्पा दोन्ही पाय पुढे पसरून घंटी वाजवत सुटायचे. सुरूच्या बनातून रस्ता गेला की वाऱ्याचा आवाज टाळ घासल्यासारखा. खाड्यांच्या कडेला पाण्यातच उभी असलेली हिरवी दाट झाडी, तिच्या मुळांत चिखल टोचत फिरणारे लांब चोचीचे पक्षी, आणि पांढऱ्या बगळ्यांच्या रांगाच रांगा. अप्पा प्रत्येक वळणावर थांबायचे. "एवढं पाणी, आन् एक मोट न्हाई कुठं," म्हणायचे. समुद्र पहिल्यांदा समोर आला तेव्हा मात्र ते सायकल टाकून पाण्यापर्यंत चालत गेले. टोपी काढली, पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मीठ फुकट हाय."

तर आम्ही खाडीच्या काठावर उभे होतो आणि पलीकडे महानंदाचं गाव दिसत होतं, नारळांमागे कौलंसुद्धा मोजता यावीत इतकं जवळ. चाचा ओरडत राहिले. अप्पांनी सायकल खांद्यावर घेतली. कॅरिअरवरचं ओटीचं गाठोडं, त्यात हिरवी साडी, खण आणि पाच किलो तूरडाळ, गळ्यात अडकवलं. मीही मागे निघालो. नांदेडकर म्हणून आणखी किती टिंगल करून घ्यायची.

वाळू होती तोवर ठीक. मग काळा चिखल लागला. आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा. निम्म्यावर अप्पा पुरते रोवले गेले. "नांदेडकर," ते खाली वाकून चिखल चिमटीत घेत म्हणाले, "ह्या गाळात हरभरा काय येईल हो."

"अप्पा, पाय निघतो का बघा."

"न्हाई निघत. पण माती लई भारी."

तेवढ्यात समुद्राकडून चिखलाच्या घळीतून एक चकाकती रेघ सरकताना दिसली. आवाज नाही, लाट नाही. ती आमच्या पुढूनही गेली आणि मागूनही. आमच्याकडे नदीला पाणी येतं ते गर्जत, वरून, गढूळ. हे खालून, गुपचूप आणि उलटं येत होतं. सायकली आम्ही आडव्या टाकल्या. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा अप्पांनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. "मला ऱ्हाऊ द्या. तुम्हाला निघता आलं तर हे घेऊन जावा. ओटी कोरडी पोचली पायजे."

मलाही निघता येत नव्हतं. कमरेपर्यंत पाणी आलं आणि त्याच पाण्यावर चाचांची होडी आली. चाचांनी आणि त्यांच्या भावाने आधी आम्हाला उपसलं, मग गळ टाकून सायकली.

पलीकडे उतरल्यावर अप्पांनी मूठ उघडली. दीड रुपया अजून मुठीतच होता.

"ठेवा तो," चाचा म्हणाले. "तरीत चढून आलात तर भाडं. चिखलातून काढायचा माझ्याकडे दर नाय."

"मग माझ्यावर बोजा राहील."

"राहूदे. बोजा असला की माणूस परत येतो."

महानंदाने दारात दोन काळे पुतळे पाहिले आणि एकाच्या डोक्यावरचं कोरडं गाठोडं ओळखलं. हसावं की रडावं तिला कळेना. परसात दगडावर बसून अप्पा अंगावर पाणी घेऊ लागले. तिसऱ्या तांब्याला ती हळूच म्हणाली, "अप्पा, जरा बेतानं. ते गोडं पाणी हाय."

"गोडं म्हंजे?"

"विहीर खारट झालीय उन्हाळ्यानं. हे वरच्या झऱ्यावरनं आणावं लागतं."

"कोण आणतं?"

तिने दाराकडे पाहिलं. जावई दारात उभे होते. सरळ माणूस. ते म्हणाले, "सकाळी दोन कळश्या मी आणतो. मी बँकेत गेल्यावर लागलं तर ती जाते."

मला वाटलं, आता अप्पा कडाडणार. त्यांनी तांब्या बादलीत परत ठेवला. पायांचा चिखल तसाच राहिला.

"जावईबापू, आमच्याकडं पाणी न्हाई, हे तुमचं खरं हाय. तुमच्याकडं बी न्हाई. पण आमच्याकडं तिच्यासाठी पाणी आणायला आख्खी गल्ली हाय. हितं कोण हाय?"

जावयांनी खाडीकडे पाहिलं. नारळांमागे ती आता काठोकाठ भरली होती. मग म्हणाले, "डॉक्टरांना विचारतो. हो म्हणाले तर मीच सोडायला येतो. तुमच्याबरोबर नाही पाठवणार, तुम्ही वाटेत नदीत उतराल."

अप्पा असे हसले की कावळे उडाले.

महानंदा आली. मुलगी झाली. बारशाच्या दिवशी नळ नव्हता, टँकरही नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक घराने एकेक घागर अप्पांच्या अंगणात आणून ठेवली. माझ्या बायकोने दोन. जावयांनी त्या रांगेकडे पाहिलं आणि स्वतः एक घागर उचलून आत नेली.

पुढे दरवर्षी नवी तूर आली की अप्पा पाच किलो डाळ बांधून जावयांबरोबर चाचांना पाठवायचे. "व्याज हाय. मुद्दल तसंच ऱ्हाऊ द्या," म्हणायचे. स्वतः परत जायचं मात्र दुकानापायी राहून गेलं. एका माघात, पहाटे चाकं दाबून झाल्यावर, ते ओट्यावर टेकले आणि उठले नाहीत. माझ्या सायकलची चाकं त्यांनी आधी बघितली होती. दोन्हींत हवा बरोबर होती.

त्या एप्रिलमध्ये डाळ मी नेली, त्याच रस्त्याने, त्याच सायकलवर. खाडीवर पोचलो तर ओहोटी. पात्र तसंच उघडं, समोर कौलं तशीच जवळ. मी सायकल झाडाला टेकवली आणि सावलीत बसलो.

चाचा म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "आणि ते? पाणी नाय म्हणून निघालेले?"

मी सांगितलं. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघे पाणी येण्याची वाट बघत बसलो. ते आलं, गुपचूप, खालून. होडी हलली.

पलीकडे उतरल्यावर मी विचारलं, "चाचा, भाडं?"

त्यांनी हात पुढे केला. "आज घेणार. आज तुम्ही तरीत चढून आलात."

दर वाढला होता. माणसाचे दोन रुपये, सायकलचा एक. तीन रुपये इब्राहिमचाचांना दिले.