ठिपक्यांचा माणूस

विद्यापीठाच्या वार्धक्य संशोधन विभागात तळमजल्यावर एक लांबलचक खोली होती. सामान म्हणाल तर भिंतीलगत दोन खुर्च्या, कोपऱ्यात संगणक आणि मधोमध अंथरलेली एक करडी पट्टी. वर चारी बाजूंनी कॅमेरे. शहरातली म्हातारी माणसं दरवर्षी इथं येऊन त्या पट्टीवरून चालून दाखवायची. त्यांच्या खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना चमकते ठिपके चिकटवायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे ठिपकेताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

ताईंचा हात हलका आणि जीभ तिखट.

"चालू की पळू?" एखादे आजोबा मिश्कीलपणे विचारत.

"पळा की. पण पकडायला मलाच यावं लागेल, आणि माझे गुडघे तुमच्यापेक्षा कुरकुरतात."

माणूस चालला की पडद्यावर फक्त ठिपके उमटत. चेहरा नाही, कपडे नाहीत, बाई की पुरुष तेही नाही. काळ्या पडद्यावर उजेडाचे दाणे चालत जात. चालण्यातले बारीक फरक वेळेत हेरायचे आणि माणूस पडण्याआधी त्याला सावध करायचं, यासाठी हा सगळा खटाटोप होता.

ताईंचे बाबाही इथं येत. लेकीकडून ठिपके लावून घेताना लहान मुलासारखे गुदगुल्यांनी हसत. पुढे ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, मेंदूचा आजार असल्याचंही तेव्हाच कळलं, आणि ते अंथरुणावरून उठलेच नाहीत. अख्ख्या शहराची पावलं मोजली आणि घरचीच निसटली, हे शल्य ताईंच्या मनात घर करून बसलं. बोलल्या मात्र कुणाशीच नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून कामावर हजर.

वर्ष उलटलं. एकदा विभागाचे सर विद्यार्थ्यांना घेऊन खोलीत आले. त्यांनी पडद्यावर आधी टिपलेल्या काही फेऱ्या ओळीनं दाखवल्या, अर्थात नावांशिवाय.

"यातलं कोण पडेल असं वाटतं?" सरांनी विचारलं.

सगळ्या वर्गानं एकाच आकृतीकडे बोट दाखवलं. डावं पाऊल किंचित घासत होतं. वळायची वेळ आली की ती आकृती थबकायची, जणू मागून कुणी हाक मारली आहे, आणि मग तुकड्या-तुकड्यानं वळायची.

ताईंना ते पाऊल ओळखीचं वाटलं. बाबा!

"पुढच्या तासाला बोलू," म्हणत सर वर्ग घेऊन गेले.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ताई पडद्यासमोर बसू लागल्या. बाबा यायचे, थबकायचे, वळायचे, अंधारात विरायचे. ताई पुन्हा सुरू करायच्या. "जपून हं बाबा," असं पुटपुटताना आपण कुणाशी बोलतोय याचंही भान राहत नसे. मग ते खोलीबाहेरही येऊ लागले. दुपारी सुनसान बोळातून जाताना मागून पाऊल घासल्याचा आवाज यायचा. सर्रर्र. ताई थांबल्या की आवाज थांबायचा. मागं वळून बघावं तर बोळ रिकामा. घराच्या जिन्यातही तोच आवाज. त्यांना भीती वाटायची, आणि एखाद्या दिवशी तो ऐकू आला नाही तर चुकल्या-चुकल्यासारखंही व्हायचं.

शेवटी राहवेना, म्हणून त्यांनी आईला प्रयोगशाळेत आणलं. खुर्चीवर बसवलं, हात हातात घेतला.

"आई, घाबरू नकोस. बाबा दिसतील."

ठिपके चालू लागले. आई डोळे बारीक करून पाहत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतला.

"हे ते नाहीत."

"अगं, नीट बघ ना. पाऊल बघ. वळताना बघ."

"बघतेय. जन्मभर त्या माणसाच्या मागून चालले मी. ते खांद्यातून झुलायचे. ही बाई आहे." "अगं, ही तू आहेस."

"काहीतरीच काय!"

"हल्ली अशीच चालतेस तू. मला वाटलं, दमतेस. विचारलं की खेकसतेस, म्हणून गप्प बसले."

ताई तडक सरांच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत तो आवाज आला. या वेळी त्यांनी मागं पाहिलं नाही, खाली पाहिलं. डाव्या चपलेचा तळ फरशीवर घासत होता.

सरांनी संगणक उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. रोज सकाळी माणसं यायच्या आधी कॅमेरे तपासायला ताई स्वतः ठिपके लावून पट्टीवर एक फेरी मारत. त्यातलीच ती एक फेरी होती.

"निरोगी माणसाचा नमुना म्हणून घेतली होती मी," सर चाचरत म्हणाले. "मुलं चुकली असंच मला वाटलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. माफ करा."

"मुलं चुकली नाहीत, सर," ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी तपासलं. मेंदूचा तोच आजार, जो बाबांच्या बाबतीत फार उशिरा कळला होता. ताईंचा तुलनेनं लवकर सापडला. गोळ्या सुरू झाल्या, व्यायाम सुरू झाला. ठिपके चिकटवणारी बोटं थरथरू लागेपर्यंत नोकरीही टिकली. पुढे त्या नाव नोंदवून त्याच पट्टीवर चालायला जाऊ लागल्या. नव्या मुलीनं ठिपके लावले की म्हणत, "घट्ट लाव गं, नाहीतर माझा घोटा इथंच राहायचा."

एक गोष्ट मात्र त्यांनी फार क्वचित कुणाला सांगितली. आजार कळल्यानंतर थोड्याच दिवसांनी सरांनी बाबांची खरी फेरी शोधून काढली आणि मायलेकींना बोलावलं. पडद्यावर ठिपके उमटले, खांद्यातून झुलत निघाले. आईनं तोंडावर हात धरला. "आले," ती म्हणाली आणि रडू लागली.

ताई पुढे सरकल्या. टक लावून पाहत राहिल्या. पट्टीवरून कुणीतरी अनोळखी माणूस सावकाश चालत गेला, आणि त्यांना त्याच्यात बाबा काही केल्या सापडेनात.