दादाच्या पासपोर्टवरचा शिक्का

माझ्या थोरल्या भावाच्या पासपोर्टवर सरकारनं एक शिक्का मारला होता आणि माझ्या पासपोर्टवर मारला नव्हता. एवढ्यावरून मी आखातात दोन वर्षं काढून आलो आणि तो सौंसरला राहिला. आता त्या गोष्टीला इतका काळ लोटला, तरी कागदावर रबरी शिक्का दिसला की माझं डोकं फिरतं.

दादा वेल्डर होता. सौंसरच्या बस स्टँडमागे एका शेठच्या दुकानात तो ट्रॉल्या, वखरं, जिनिंगच्या यंत्रांचे मोडलेले भाग जोडायचा. पांढुर्ण्याहून, बोरगावहून लोक लोखंड घेऊन यायचे आणि दादा जेवायला गेला असेल तर बसून राहायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. शाळा त्यानं सातवीनंतर सोडली होती. मी शिकलो तो त्याच्या जिवावर. इतिहास घेऊन तिसऱ्या श्रेणीत बी.ए. झालो आणि घरी बसून नोकरीच्या जाहिराती वाचू लागलो. लोखंडाचं म्हणाल, तर मला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नव्हती.

तिगावचा एक ओळखीचा माणूस आखातात फोरमन होता. त्याच्या मालकाला चांगला वेल्डर हवा होता, आणि त्यानं थेट दादाचं नाव सांगितलं. दोन वर्षं काम करायचं आणि परत येऊन स्वतःचं दुकान टाकायचं, एवढंच दादाच्या मनात होतं. शेठच्या हाताखाली त्याची बारा वर्षं गेली होती.

नागपूर आमच्यापासून बसनं दोन तास. पण आमच्या राज्याची राजधानी भोपाळ, म्हणून पासपोर्टसाठी पांढुर्ण्याला जाऊन रेल्वेनं भोपाळ गाठायचं. दादा म्हणाला, "आता जाऊनच राह्यलो तं तुह्याही फारम भरून टाक. कधी कामी पडन." दोन्ही फॉर्म मीच भरले. शिक्षणाच्या रकान्यात त्याचं 'सातवी', माझं 'बी.ए.'. ते लिहिताना माझी छाती जरा फुगलीही होती, खोटं कशाला सांगू.

पासपोर्ट आले तेव्हा दादाच्या पासपोर्टवर तो शिक्का होता. परदेशी कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागेल, असा त्याचा अर्थ. कायदा नवा होता. कमी शिकलेल्या मजुरांना दलाल फसवतात, तिकडं त्यांचे हाल होतात, म्हणून सरकार त्यांची काळजी घेणार होतं. पदवीधर पडला शहाणा. त्याला कोण फसवणार?

मंजुरीसाठी आम्ही मुंबईच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, कागद नीट वाचले, आणि मालकाच्या करारावर तिथल्या आपल्या दूतावासाची सही आणा म्हणाले.

"साहेब, मालक तिकडं, मी इकडं. मी कशी आणू?" दादानं विचारलं.

"मालकाला आणायला सांगा."

"तुम्ही माह्यं काम तं पाहून घ्या. इथंच कुठं मोडलेलं लोखंड असन तं द्या ना."

साहेब हसले. "कामाचा प्रश्न नाही हो. हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

दादानं त्यांना हात जोडले. मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं, पण मी शिकलेला, म्हणून गप्प बसलो.

मालकाचं उत्तर महिन्याभरानं आलं, फोरमनच्या अक्षरात. दूतावासात खेटे घालायला त्याला वेळ नव्हता. शिक्का नसलेला वेल्डर असेल तर त्याच्या नावानं व्हिसा काढतो, नसेल तर राहू द्या.

दादानं ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "तू जाय."

"दादा, मले वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही."

"मी शिकवतो ना बे. तू तिकडून पाठव, मी इथं दुकान उभं करतो. दोघाईचं होईन."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, कारण मला जायचं होतं. विमानात बसायचं होतं. ज्या कॉलेजच्या पोरांना नोकऱ्या लागल्या होत्या, त्यांची तोंडं पाहायची होती. हे मी दादाला कधी सांगितलं नाही. त्याला न सांगताच कळलं असणार.

महिनाभर त्यानं मला शिकवलं. मी जोडलेला सांधा हातानं ओढला तरी सुटायचा. तो पुन्हा तुकडे मांडून द्यायचा. एकदाही चिडला नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

तिकडं पहिल्याच सकाळी माझं पितळ उघडं पडलं. मालकानं हातातला होल्डर काढून घेतला आणि तारेचा ब्रश दिला. दोन वर्षं मी पाइपांवरचा गंज घासला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि पगार ठरल्याच्या निम्मा, तोही त्याच्या मर्जीनं. तक्रार कुणाकडं करणार? माझी काळजी घेण्याचं काम सरकारनं माझ्या पदवीवर सोपवलं होतं. फोरमनला मी हात जोडून सांगितलं होतं, घरी कळू देऊ नका. मी स्वतः लिहायचो, काम झकास चाललं आहे.

परत आलो तेव्हा दुकान टाकण्याजोगं काही माझ्याकडं नव्हतं. ते दादानं विचारलंही नाही. जेवायला बसलो तेव्हा त्यानं वेगळंच विचारलं. "काय काय जोडलं रे तिकडं?"

मी सांगत सुटलो. तेलाच्या टाक्या, माणूस वाकून आत शिरेल असे पाइप. त्याचा घास हातातच राहिला होता. इतक्या खुशीत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मंग पाइप खालच्या अंगानं कसा जोडत होता तू? आमच्या इथं तं वितळलेल्या लोखंडाचा रस सारा खाली गळते. रॉड कोनता वापरत होते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. दोन वर्षं हाताच्या अंतरावर ते काम चालायचं आणि मी कधी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"तिकडचे रॉड वेगळे असतात," मी म्हणालो.

दादानं हातातला घास ताटात ठेवला. मग वहिनीला म्हणाला, "वाढ त्याले अजून. थकून आला तो." स्वतःचं जेवण त्यानं खाली मान घालून संपवलं, आणि दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानात कामाला गेला. तिथंच तो म्हातारा झाला. तिकडं लोखंड कसं जोडतात, हे त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही.